भर, धर, सोड

“मुकी हाय का वो ती?”

“मुकी न्हाई, कॉन्व्हेंटची हाय.”

मी मैदानाच्या कडेला वाकून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. विचारलं होतं भाजीवाल्या मावशीने आणि उत्तर दिलं होतं भिंगारच्या बाजारातल्या शिंप्याने. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. त्यांना गप्प करणं ज्यांचं काम होतं ते हवालदार शेजारीच उभे होते, चुलीची लोखंडी फुंकणी बगलेत धरून. ते मोठ्याने हसले. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ए कानव्हेंट! रांगेत ये.”

पुढचे तीन महिने माझं नाव तेच होतं. खरं नाव त्यांनी एकदाही विचारलं नाही.

त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी ती फुंकणी दिसते आणि जुनी चीड वर येते. चार वर्षं झाली. वडिलांची बदली झाली, भिंगार सुटलं, मी पुण्याच्या हॉस्टेलवर राहते. तरी आईच्या पत्रात ‘किती भला माणूस होता गं’ असं वाक्य आलं की मी पत्र घडी घालून ठेवून देते. भला होता, हे मलाही ठाऊक आहे. माझं भांडण त्या भलेपणाशीच आहे.

हवालदार फौजेत पीटीचे उस्ताद होते. राहात्याकडच्या एका शेतकरी घरातले, मोठे भाऊ शेती बघायचे, हे भरती झाले. पुढे कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर त्यांची छाती बिघडली. फौजेच्या दवाखान्यात वर्षभर पडून होते. तिथे त्यांच्या पाठीतल्या काही फासळ्या काढल्या आणि एका बाजूचं फुप्फुस जवळजवळ बंद झालं. पेन्शन घेऊन ते भिंगारला आले आणि बाजारामागच्या एका खोलीत एकटेच राहिले. नळावर अंघोळ करताना मी त्यांना एकदा पाहिलं होतं. डाव्या खांद्याच्या पात्याखाली खळगा होता, वाटी बसेल एवढा. लोक काय म्हणतात हे त्यांना माहीत होतं आणि त्यावर ते स्वतःच विनोद करायचे. “दीडशहाना म्हन्त्यात मला. फुप्फुसं बी दीडच हायेत. बरोबर म्हन्त्यात.”

त्या दवाखान्यात त्यांना खाटेवर बसवून, पोटावर हात ठेवायला लावून श्वासाचे व्यायाम शिकवले होते. दुसरा कोणी ते मुकाट्याने करत राहिला असता. पण यांनी अर्धं आयुष्य लोकांना पळवलं होतं. श्वास बसून घ्यायची गोष्ट आहे हेच त्यांना पटेना. “बसून घेतलेला श्वास म्हंजी बराकीतला शिपाई,” ते म्हणायचे. “लई रुबाबदार दिसतो. खरा कोन ते चढावर कळतं.” म्हणून त्यांनी दोन्ही एकात एक घातलं. आधी बसून श्वास, मग तोच श्वास घेऊन चालणं, मग तोच घेऊन दुडक्या चालीने पळणं. चार पावलं आत, सहा पावलं बाहेर. बाहेरचा नेहमी मोठा. ज्यांना दम्याचा आणि छातीचा त्रास आहे त्यांनी पळू नये, असं सगळे डॉक्टर सांगत होते त्या काळात हा माणूस छातीच्या रोग्यांना पळवत होता, आणि तेही लष्करी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्ससमोरच्या मैदानात, तिथेच राहणाऱ्या डॉक्टरांच्या खिडकीखाली.

रेचक, कुंभक वगैरे शब्द कोणी काढले की ते हात झटकायचे. “ती नावं पुस्तकवाल्यांस्नी. हितं तीनच शब्द. भर. धर. सोड.” ‘भर’ म्हणजे श्वास आत. ‘धर’ म्हणजे आहे तिथे रोखून ठेव. ‘सोड’ म्हणजे ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. हे तीन शब्द ते कवायतीच्या हुकमासारखे ओरडायचे आणि सकाळी सहा वाजता क्वार्टर्समधली लहान मुलं घराघरांतून तसंच ओरडून त्यांना साथ द्यायची. हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा. मी फार नीट लक्षात ठेवले होते.

फुंकणी त्यांच्या तीन कामांची होती. पहिलं, छडी. दुसरं, ‘सोड’ची परीक्षा. रॉकेलची चिमणी मैदानात विटेवर ठेवायची आणि फुंकणीतून तिच्यावर फुंकायचं. “ज्योत वाकली पायजे, मरायची न्हाई.” विझली तर पुन्हा. शिंपी पहिल्या आठवड्यात रोज विझवायचा आणि काडेपेटी तोच आणायचा. तिसरं काम मला मेल्याहून मेल्यासारखं करायचं. फुंकणीचं एक टोक माणसाच्या पाठीला लावून दुसऱ्या टोकाला ते कान लावत, डॉक्टरांच्या नळीसारखा. बायकांच्या वेळी फुंकणीला ते स्वतः कान लावत नसत, एवढी रीत होती. ते काम मावशीकडे. मावशी कान लावायची, डोळे मिटायची आणि तिथूनच मैदानाला बातमी द्यायची.

“काय ऐकू येतंय?”

“मांजरं हायेत वो. लई मांजरं घुरघुरत्यात हिच्या छातीत.”

“किती?”

“तीन-चार तरी असत्याल.”

सगळे हसायचे. मी मान खाली घालून बुटांकडे बघायचे.

मला तिथे आईने पाठवलं होतं, वडिलांच्या मनाविरुद्ध. वडील लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिलियन होते. बदल्यांमुळे माझं सगळं शिक्षण जबलपूर आणि सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी फक्त घरात, तेही तिघांपुरतं. भिंगारला आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि दुकानात पहिल्यांदा काहीतरी मागितलं तर दुकानदाराने ते वाक्य जसंच्या तसं बायकोला म्हणून दाखवलं. त्यानंतर मी मागणं बंद केलं. बोट दाखवायचे.

त्यातून दमा. पाच वर्षांची असल्यापासून. आणि या आजारामुळे आमच्या घरात एक शब्दच बंद होता. ‘दम’ हा शब्द आई तोंडातून काढत नसे, जणू बोललं तर लागेल. मला लागायची ती ‘धाप’. आजाराचं नाव ‘त्रास’. पाहुण्यांपैकी कोणी जिना चढून येऊन ‘दमलो बुवा’ म्हणाला, तर आई लगेच माझ्याकडे बघायची. ते ऐकून माझं काय वाईट होणार होतं? पण घराच्या अशा सवयींचं कोणी कारण विचारत नाही.

मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांची अट साधी होती: सहा महिने मोठा त्रास झाला नाही तर हॉस्टेलचा फॉर्म भरू. डॉक्टरांच्या पांढऱ्या गोळ्यांनी धाप थांबायची, पण हात असे थरथरायचे की पेन धरता येत नसे. आईने मावशीकडून हवालदारांचं ऐकलं. मावशीचीही छाती वाजायची, आणि आता ती टोपली डोक्यावर घेऊन न थांबता क्वार्टर्सच्या तिन्ही जिन्यांवर चढत होती.

मी मैदानावर गेले, आणि पहिल्याच दिवशी कळलं की तिथे बोलावं लागतं.

हा त्यांचा सगळ्यात मोठा शोध होता, निदान त्यांच्या मते. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. कोण किती पळू शकेल हे ते बोलण्यावरून ठरवायचे. “बोलता येतंय तवर पळा. बोलनं तुटलं की चाला.” म्हणून प्रत्येकाने पळताना मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं. शिंपी मापं म्हणायचा: “छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही तेवीस...” मावशी आपली भाजीची हाळी द्यायची. तो दुष्काळाचा काळ होता. तिच्या टोपलीत कांदे आणि कधीतरी सुकलेल्या गवारी, याच्यापलीकडे महिनोन्‌महिने काही नसायचं. पण पळताना ती सगळं विकायची. “मेथी घ्या, शेपू घ्या, आंबट चुका, चाकवत, कोवळी काकडी घ्या...” तिचा आवाज कुठल्या भाजीला तुटतो यावर हवालदारांचं गणित होतं. “काल चुक्याला थांबली. आज चाकवतापर्यंत गेली. काकडी लांब न्हाई.” काकडीपर्यंत पोचली त्या दिवशी त्यांनी तिला फुंकणीने सलामी दिली होती. हे मला तेव्हाही आवडलं होतं. कबूल करते.

माझ्या बाबतीत मात्र गणित बसेना, कारण मी गप्प पळायचे.

“बोल की!” ते माझ्याशेजारी पळत, कान पुढे करून. “काय बी बोल. पाढे म्हन.”

मी एकदा म्हटले. ‘टू वन्स आर टू, टू टूज आर फोर.’ मागून शिंप्याची मापं थांबली आणि हसणं ऐकू आलं. मी पुन्हा तोंड उघडलं नाही. हवालदारांनी शिंप्याला काही म्हटलं नाही. मलाच म्हटलं, “तुझ्या श्वासाचं मला काय कळंना बघ. भांड्यावर झाकन ठिवून किती शिजलंय कसं सांगू?”

सांगायची गरज काय, असं मला ओरडून विचारायचं होतं. माझा श्वास आहे. एका माणसाला माझ्या छातीतली मांजरं मोजायला देता, दुसऱ्याला माझे पाढे ऐकून हसू देता, आणि वर म्हणता कळत नाही! पण हे सगळं मी मनात, तेही इंग्रजीत म्हणत असे आणि चार पावलं आत, सहा पावलं बाहेर पळत असे. त्याचा उपयोग होत होता, हा त्यातला सगळ्यात अपमानाचा भाग. दोन महिन्यांत गोळ्यांची पुडी टेबलाच्या खणात मागे गेली. मावशी कान लावून म्हणाली, “आज एकच हाय. ती बी झोपलीया.”

मग तो रविवार आला. हवालदारांनी वर्गाला चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर न्यायचं ठरवलं. एसटीने पायथ्याशी उतरायचं आणि वरपर्यंत चार-सहाने चढायचं. पायथ्याशी सगळ्यांना रांगेत उभं करून ते माझ्यापुढे थांबले.

“कानव्हेंट, आज बोलायचं. न्हाई बोललीस तर वर नेनार न्हाई. हितंच बस, मावशीच्या चपला राखत.”

शिंपी हसला. हा माणूस नेहमी वेळेवर हसायचा.

मी काही बोलले नाही आणि बसलेही नाही. वळले आणि धावत सुटले. रस्ता सोडून सरळ चढणाऱ्या पायवाटेने, चार-सहा नाही, जमेल तसं. त्या दिवशी माझ्या अंगात श्वासापेक्षा राग जास्त होता. वळणावर पोचले तेव्हा छाती आवळू लागली होती, घशाशी तीच जुनी शीळ वाजत होती. खालून त्यांचा आवाज आला.

“ए पोरी! दम धर! दम धर!”

मला अजून ते अक्षर न् अक्षर ऐकू येतं. धर. त्यांचा हुकूम. भर, धर, सोड. दम म्हणजे श्वास, तेवढं मला कळत होतं. तीन महिने रोज सकाळी त्यांनी ‘धर’ म्हटलं की मी रोखला होता. आता ही नवी परीक्षा, चढावर, धावताना. मी बोलत नाही म्हणून शिक्षा. ठीक आहे, म्हटलं. बघा मग. उरलीसुरली हवा आत ओढली, तोंड घट्ट मिटलं आणि धावत राहिले. पावलं मोजली. बारा. पंधरा. ते खालून ओरडतच होते, “दम धर! अगं, दम धर की!” अठरा मोजल्याचं आठवतं. मग दगड दिसला, फार जवळ.

शुद्ध आली तेव्हा मी बसलेली होते, पुढे वाकवलेली, कोपरं गुडघ्यांवर. कपाळावरून गरम काहीतरी नाकावर येत होतं. श्वास आत जात नव्हता, कारण तो बाहेरच पडला नव्हता. पाठीवर दोन बोटं ठोके देत होती. सहा. पुन्हा सहा. बाहेर, बाहेर, बाहेर. हळूहळू तो निघाला. मी मान वळवून वर पाहिलं. हवालदार होते. तेवढा चढ ते दीड फुप्फुसावर पळत आले होते. ओठ जांभळे, डोळे मोठे, तोंड उघडं. त्यांना एक शब्दही बोलता येत नव्हता. फक्त बोटं चालू होती.

कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी घालताना विचारलं, “पडलीस कशी?” मी सांगितलं. मला विचारलं की मी थोडक्यात सांगते, आणि खरं सांगते. “श्वास रोखून धावत होते. त्यांनी सांगितलं, दम धर.”

डॉक्टरांचा हात मध्येच थांबला. “दम्याच्या पेशंटला? चढावर?” या दिवसाची ते किती महिने वाट बघत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बैठक आमच्याच पुढच्या खोलीत झाली. डॉक्टर, वडील आणि क्वार्टर्सच्या मैदानाचं बघणारे दोन शेजारी. हवालदार दारापाशी उभे, इस्त्रीचा शर्ट, फुंकणी नाही. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. शिंप्यालाही बोलावलं होतं. मी आतल्या दाराच्या पडद्याआड, कपाळाला पट्टी.

“तुम्ही हिला ‘दम धर’ म्हणालात?” वडिलांनी विचारलं.

“व्हय. म्हनालो.”

“ओरडून?”

“व्हय. लांब हुती.”

डॉक्टर शिंप्याकडे वळले. “यांच्या वर्गात ‘धर’ म्हणजे काय हो?”

शिंपी सगळ्यांकडे बघून घेऊन म्हणाला, “धर म्हंजी श्वास रोखायचा, साहेब. रोज तेच शिकवत्यात.”

हवालदारांनी चमकून शिंप्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पडद्याआड मी कुठे उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी बरोबर माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. काहीतरी मोठं, साधं त्यांना त्या क्षणी कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

वडिलांनी हाक मारली, “काय गं, असंच झालं ना?”

मी पडदा बाजूला केला आणि मान हलवली. हो. असंच झालं होतं. प्रत्येक शब्द खरा होता.

“मग?” डॉक्टर म्हणाले. “काही म्हणायचंय?”

“न्हाई,” हवालदार म्हणाले. “चूक माझी हाय.”

दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद. फाटकाला कुलूप, त्यावर पाटी. शिंपी डॉक्टरांकडे गोळ्या आणायला जाऊ लागला. मला वाटलं होतं की बरं वाटेल. आणि बरं वाटतही होतं, खोटं कशाला बोलू. या माणसाने तीन महिने माझी टिंगल करू दिली, मला डोंगरावर मारलं असतं, आणि आता कुलूप लागलं. झालं ते योग्य झालं.

आठवडाभर मी असं समजून चालले होते.

मग एका सकाळी मावशी दारात आली. कुठूनतरी मेथीच्या चार जुड्या मिळाल्या होत्या आणि त्यासाठी क्वार्टर्समधल्या बायकांची झुंबड उडाली होती. शेजारच्या काकूंनी टोपलीत हात घातला. मावशीने तो हलकेच बाजूला केला.

“दम धरा की वाईच, बाई. टोपली खाली तर ठिवू द्या.”

काकू थांबल्या. हात मागे घेतला आणि उभ्या राहिल्या, श्वास घेत, इकडेतिकडे बघत, बोलत. मी दारात उभी होते. काकूंच्या छातीकडे बघत राहिले. वर. खाली. वर. खाली.

“मावशी,” मी म्हटलं. मी आपण होऊन बोलले याचंच तिला आधी नवल वाटलं. “दम धर म्हणजे?”

“म्हंजी काय म्हंजी? थांब. वाईच थांब, घाई करू नगं.” ती हसली, आणि मग तिचं हसू तोंडावरच विरलं. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. “अगं माय,” ती म्हणाली. “तुला ठावं न्हवतं व्हय?”

आई मागे उभी होती. तिने तोंडावर पदर धरला. बारा वर्षं तिने तो शब्द घरात येऊ दिला नव्हता.

थांब. ते मला थांब म्हणत होते. पोरी, थांब. इतकं साधं. भिंगारच्या बाजारातलं शेंबडं पोरही ओळखेल असं. मी सतरा वर्षांची मराठी मुलगी, आणि मला ते एका मेथीच्या जुडीने शिकवलं.

पण मला आणखी संताप आला तो दुसऱ्या दिवशी मावशीने जे सांगितलं त्याने. तिला हे आमच्या दारात कळलं, पण हवालदारांना बैठकीतच कळलं होतं. ती आमच्या दारातून थेट त्यांच्याकडे गेली होती, बैठकीत गप्प का बसलात म्हणून विचारायला. “म्हनले, मी थांबच म्हनत हुतो गं. पर पोरीच्या कानात जे गेलं ते खरं. शब्द माझाच हुता, मीच रोज त्याचा दुसरा अर्थ शिकवला. आता तिला चारचौघांत कशाला अडानी ठरवू? कानव्हेंट म्हनून आधीच लई हसलोय.”

हा तो भलेपणा. कुणी मागितला होता? पडद्याआड मी उभी होते, जिवंत, कान असलेली. “तुला काय ऐकू आलं?” एवढंच एक विचारायचं होतं. तीन महिने ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागलेल्या माणसाने, मी बोलायची गरज होती त्या एका दिवशी, माझ्या वतीने गप्प बसायचं ठरवलं. आणि मी? मला आता ठाऊक होतं. एक वाक्य वडिलांना सांगायचं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सगळ्या क्वार्टर्सला कळलं असतं की हिला आपली भाषा येत नाही. शिवाय वडील म्हणाले असते, साधं बोलणं जिला समजत नाही तिला एकटीला पुण्याला कशी पाठवू? पाच दिवस मी ते वाक्य घेऊन जेवले, उठले, बसले.

हवालदार पळायचे थांबले नव्हते. मैदानाला कुलूप होतं, रस्त्याला नव्हतं. रोज सकाळी ते क्वार्टर्सच्या भोवतीने एकटे फेऱ्या मारायचे, ओठांत काहीतरी पुटपुटत, कारण त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनाही बोलावं लागायचं. सहाव्या सकाळी आमच्या व्हरांड्यात वडील, डॉक्टर आणि शेजारचे एक काका चहा घेत बसले होते. हवालदार पहिल्या फेरीला समोरून गेले. काकांनी कप खाली ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “मास्तर, दम धरा, दम धरा!”

सगळे हसले. वडीलही. क्वार्टर्सभर आता ही नवीन थट्टा होती. कुणी घाईत दिसलं की म्हणायचे, दम धर, पण हवालदारांच्या चेलीसारखी पडू नको.

मी आत गेले, कॅनव्हासचे बूट घातले. नाड्या नीट बांधल्या. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिने विचारलं नाही. मी व्हरांड्यातून त्यांच्यामधून उतरले, तेव्हा वडील म्हणाले, “कुठे?” मी रस्त्यावर आले. हवालदार दुसऱ्या फेरीला येतच होते. मी त्यांच्या शेजारी लागले.

त्यांनी बघितलं नाही. वेग कमी केला, एवढंच. दहाएक पावलं गेल्यावर म्हणाले, “चार-सहा.”

चार आत. सहा बाहेर. क्वार्टर्सच्या मागच्या बाजूने, पाण्याच्या कोरड्या टाकीवरून, डॉक्टरांच्या खिडकीखालून. त्यांचा श्वास माझ्यापेक्षा छोटा होता, पण न चुकणारा. मांजर एक होतं माझ्या छातीत, जागं, पण गप्प. पुन्हा व्हरांडा दिसू लागला. तिघेही आता उभे होते.

“बोल,” हवालदार म्हणाले. नेहमीसारखंच. दरडावून, पुढे बघत.

मला त्यांचा राग होता. काकांचा होता, शिंप्याचा होता, डॉक्टरांचा होता, आईच्या त्या गिळलेल्या शब्दाचा होता. पण माझ्याकडे सहाच पावलांचा श्वास होता आणि तो त्यांपैकी कुणावर खर्च करण्यासारखा नव्हता. मी चार पावलं आत भरला, आणि पळता पळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाले:

“बाबा, ते मला थांब म्हणत होते! मलाच मराठी येत नव्हतं!”